नॉर्वेजियनमधले लांब जोडशब्द समोरच्याला कळत नाहीत? आधी सांधा तपासा

नॉर्वेत राहायला आलेल्या मराठी मंडळींची एक तक्रार सतत कानावर येते. शब्द पाठ आहे, स्पेलिंग पाठ आहे, एकेक ध्वनी सुटा विचारला तर नीट म्हणता येतो. पण दुकानात, बालवाडीच्या दारात किंवा ऑस्लोच्या मेट्रोत तोच शब्द बोलण्यात आला की समोरचा ‘हॅ?’ म्हणतो, नाहीतर हसून सरळ इंग्रजीवर येतो. छोट्या शब्दांना हे फारसं होत नाही. होतं ते लांब शब्दांना, म्हणजे दोन-तीन शब्द चिकटवून केलेल्या सामासिक शब्दांना. नॉर्वेजियनमध्ये असे शब्द एकसंध लिहितात आणि गरज पडली की लोक नवेही बनवतात. त्यामुळे सगळे पाठ करून टाकू म्हटलं तरी ते शक्य नाही.

अशा वेळी बहुतेक जण ओठ गोल करून काढायचे स्वर घोटत बसतात. ते घोटायला हवेतच, पण बिघाड सहसा तिथे नसतो. बिघाड असतो समासाच्या विग्रहात. दोन शब्द नेमके कुठे जोडलेत हे बोलणाऱ्याला माहीत नसलं, किंवा माहीत असूनही तोंडातून ते दिसलं नाही, की आघात (म्हणजे अक्षरावरचा जोर), स्वराची लांबी, महाप्राण (म्हणजे ख-थमधला श्वास) आणि र-चा खेळ सगळंच एकदम घसरतं. म्हणून तपासणी सांध्यापासून सुरू करायची.

पुढे नॉर्वेजियन शब्द देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिलेत आणि सांध्यावर आडवी रेघ दिली आहे. व्यंजन दुहेरी लिहिलं असेल तर त्याआधीचा स्वर आखूड समजावा. उच्चार ऑस्लो आणि आसपासचे आहेत.

मुख्य आघात एकच आहे ना?

मराठीत आघात इकडचा तिकडे केला तर बोलणं विचित्र वाटेल, पण शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपला कान आघाताची फार नोंद ठेवत नाही. नॉर्वेजियन माणूस मात्र शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे आघातावरूनच ओळखतो. एक मुख्य आघात ऐकला की एक शब्द, दोन ऐकले की दोन शब्द.

‘ब्लो’ म्हणजे निळं, ‘बॅर’ म्हणजे बोरासारखं छोटं फळ. ‘ब्लो-बॅर’ असं पहिल्या भागावर जोर देऊन एका दमात म्हटलं की नॉर्वेच्या जंगलात उन्हाळ्याच्या शेवटी मिळणारं ते ठरावीक फळ. दोन्हींवर सारखा जोर दिला की निळ्या रंगाची कुठलीही फळं. ‘लाम्मे-लोर’ हा कोकराच्या मांडीचा मांसाचा तुकडा, पण तुटक ‘लाम्मे लोर’ म्हटलं तर अर्थ होतो लुळ्या पडलेल्या मांड्या. हा घोळ लिहिण्यातही दिसतो. नॉर्वेजियन लोक स्वतःसुद्धा जोडून लिहायचे शब्द तोडून लिहितात आणि भाषेबद्दल आस्था असलेले त्यावर चिडतात. तुम्ही बोलताना दोन ठोके देत असाल तर लिहितानाही शब्द तोडाल, हे नक्की. एक सुधारलं की दुसरं आपोआप सुधारतं.

नियम असा: मुख्य आघात पहिल्या भागावर, दुय्यम आघात दुसऱ्या भागावर. इथे एक बारकावा आहे आणि बरेच जण तिथेच अडकतात. पहिल्या भागावर म्हणजे पहिल्या अक्षरावर नव्हे. पहिला शब्द सुटा असताना त्याचा आघात जिथे असतो, तिथेच तो समासातही राहतो. पोलिसांना ‘पुलिती’ म्हणतात आणि आघात शेवटच्या ‘ती’वर असतो. म्हणून पोलीस ठाणं, ‘पुलिती-स्ताशून’, म्हणताना मुख्य ठोका ‘ती’वर आणि दुय्यम ठोका ‘शून’वर पडतो, कारण ‘स्ताशून’चा स्वतःचा आघातही शेवटीच आहे. ‘समासात जोर सुरुवातीला’ हे अर्धवट ऐकून ‘पु’वर जोर देणारे खूप भेटतात.

या नियमाची ताकद ‘हूसारेस्त’ या जुन्या उदाहरणात छान दिसते. एकाच स्पेलिंगचे दोन विग्रह होतात. ‘हूस-आरेस्त’ म्हणजे नजरकैद, जोर ‘हू’वर. ‘हुसार-रेस्त’ म्हणजे हुसार घोडेस्वाराचे उरलेसुरले अवशेष, जोर ‘सार’वर. अक्षरं तीच, सांधा सरकला की आघात सरकतो आणि कैद्याच्या जागी घोडेस्वार येतो. दुसरा शब्द कुणी रोज वापरत नाही, पण शिकायला यापेक्षा चांगला नमुना मला मिळालेला नाही.

अपवादही आहेत. क्रिस्त्यान-सान आणि क्रिस्त्यान-सुन या दोन शहरांच्या नावांत आघात शेवटी असतो. गुड फ्रायडेला ‘लांग-फ्रेदाग’ म्हणतात, तिथे जोर ‘फ्रे’वर. आकडेही तसेच: बावन्न म्हणजे ‘फेम्ति-तू’, जोर ‘तू’वर. दशक आधी आणि एकक नंतर ही मोजणी नॉर्वेत अधिकृतपणे 1951पासून आली. त्याआधी आपल्या बावन्नसारखंच दोन आधी आणि पन्नास नंतर म्हणत, आणि आजही काही जण तसं म्हणतात. फोन नंबर सांगताना आकड्यांचा हा आघात चुकला की लिहून घेणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून आकडे वेगळे घोटावेत.

देवनागरीत टिपण केलंय?

आपल्यापैकी अनेक जण वहीत नॉर्वेजियन शब्द देवनागरीत लिहितात. सवय चांगली आहे, पण जोडाक्षरं सांधा गिळून टाकतात. देवनागरीत व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं. त्यामुळे आंतरराष्ट्रीय सामना या अर्थाचा शब्द वहीत ‘लान्स्काम्प’ असा उतरतो आणि निसर्गदृश्य या अर्थाचा शब्द ‘लान्स्काप’ असा. दोन्हींत तोच ‘स्का’. पण पहिल्याचा विग्रह आहे ‘लान्स-काम्प’ आणि दुसऱ्याचा ‘लान-स्काप’. एका ठिकाणी स सांध्याच्या डावीकडे, दुसऱ्या ठिकाणी उजवीकडे.

नॉर्वेजियन कानाला हा फरक ऐकू येतो, तो मुख्यतः महाप्राणावरून. आघाताच्या अक्षराच्या सुरुवातीला प, त, क आले तर त्यांच्यामागून श्वास बाहेर पडतो, साधारण आपल्या थ आणि ख-सारखा. त्याच अक्षरात आधी स असेल तर तो श्वास नसतो. म्हणून सामना तोंडातून निघतो ‘लान्स-खाम्प’ असा आणि निसर्गदृश्य ‘लान-स्काप’ असंच. टपालपेटीचं ‘पॉस्त-खास्से’ याच जातीचं.

इथे मराठी माणसाला मोठा फायदा आहे. क आणि ख हे आपल्याला जन्मापासून दोन वेगळे ध्वनी आहेत. इंग्रजी बोलताना मात्र आपण सगळीकडे कोरडा क वापरतो आणि तीच सवय नॉर्वेजियनमध्ये नेतो. कोरडा क नॉर्वेजियन कानाला ग-च्या जवळचा वाटतो, आणि शब्द ओळखू न येण्याचं ते एक मोठं कारण आहे. मुद्दाम ख म्हणा, जरा जास्त वाटलं तरी चालेल.

वहीत दुरुस्ती साधी आहे. सांध्याच्या पलीकडे जोडाक्षर जाऊ द्यायचं नाही. पाय मोडायचा, आडवी रेघ मारायची आणि मुख्य आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढायची. जुन्या सगळ्या नोंदी एकदा अशा लिहून काढल्या की कितीतरी शब्द वर्षभर चुकीच्या जागी तोडले जात होते हे तिथेच दिसतं.

लघु-गुरूचा हिशेब

शाळेत वृत्तं शिकताना केलेले लघु-गुरू इथे अगदी नेमके उपयोगी पडतात. दीर्घ स्वर असेल तर अक्षर गुरू, आणि स्वर ऱ्हस्व असून पुढे जोडाक्षर आलं तरी गुरू. नॉर्वेजियनमध्ये आघाताचं अक्षर नेहमी गुरू असतं, आणि ते या दोनपैकी एकाच मार्गानं. एकतर स्वर लांब आणि नंतरचं व्यंजन आखूड, नाहीतर स्वर आखूड आणि व्यंजन लांब. छप्पर ‘ताक’, आभार ‘ताक्क’. वाइन ‘व्हीन’, ‘तू जिंक’ अशी आज्ञा ‘व्हिन्न’. आपण ‘पाता’ आणि ‘पत्ता’ म्हणताना नेमकं हेच करतो.

मग अडतं कुठे? इ-ई आणि उ-ऊमध्ये. लिहिताना आपण सुत आणि सूत वेगळे ठेवतो, पण बोलण्यात दोन्ही सारखेच निघतात. ही लांबी मराठीत शब्दातल्या जागेवर ठरते, अर्थावर नाही. नॉर्वेजियनमध्ये ती अर्थावर ठरते. आ-चं वेगळंच आहे. आपला आखूड स्वर अ, लांब आ. नॉर्वेजियनचे आखूड-लांब दोन्ही आ-च्या घरचे. ‘ताक्क’ला ‘टक’ केलंत तर स्वरच बदलला.

समासात आणखी एक सापळा आहे. पाठ्यपुस्तकं सांगतात की स्वरापुढे एक व्यंजन असेल तर स्वर लांब, दोन असतील तर आखूड. नियम बरोबर आहे, फक्त व्यंजनं मोजायची ती सांध्याच्या अलीकडची. ‘व्हिंतेर’ म्हणजे हिवाळा. त्यातले न आणि त एकाच शब्दातले, म्हणून इ आखूड. ‘व्हीन-ग्लास’ म्हणजे वाइनचा ग्लास. तिथे न आणि ग यांच्यामध्ये सांधा आहे, म्हणून ई लांबच राहते. घरून नेलेला डबा, ‘मात-पाक्के’, हा तर नॉर्वेतल्या शाळेचा आणि ऑफिसचा प्राण. यातला ‘मा’ लांब हवा, कारण ‘मात’, म्हणजे अन्न, सुटं असतानाही लांबच आहे. वहीत ‘मात्पाक्के’ असं जोडाक्षर केलंत की जीभ आपोआप ‘मा’ आखूड करते.

दुसऱ्या भागावर मुख्य जोर नसला तरी त्याची लांबी टिकते. आघात कमी करायचा, लांबी कमी करायची नाही. घाईत शेवटचा भाग गिळला की अर्धा शब्दच ऐकू जातो.

सांध्यावर र आला तर

ऑस्लोकडे र-च्या पुढे त, द, न, स आले की दोघं मिळून एक मूर्धन्य ध्वनी होतो: ट, ड, ण, ष. जीभ आपल्याइतकी मागे वळत नाही, पण आपले ध्वनी वापरले तर काम उत्तम होतं. इंग्रजी किंवा जर्मन बोलणाऱ्याला हे वेगळं शिकावं लागतं, आपल्याला फक्त कुठे वापरायचं ते कळायला हवं. साधा त-द मात्र दंत्यच आहे. इंग्रजीच्या सवयीनं सगळीकडे ट-ड केलं की मांजर ‘खात्त’ आणि नकाशा ‘खाट्ट’ यांतला फरकच मिटतो.

महत्त्वाचं हे की हा बदल सांधा ओलांडूनही होतो. आडनाव म्हणजे ‘एत्तेर’ अधिक ‘नाव्न’, आणि खिडकीवरची बाई विचारते ते असतं ‘एत्ते-णाव्न’. हिवाळ्यातलं ऊन ‘व्हिंते-षूल’. मातृभाषा ‘मूष-मोल’. मूल म्हणजे ‘बाण’, आणि बालवाडी ‘बाणे-हागे’. मधला ‘ए’ खाऊ नका. मराठीत शब्दाच्या मधला अ बोलताना गळतो, त्या सवयीनं हा जोडस्वरही गळतो आणि मग सांधाच नाहीसा होतो.

ऑस्लोतली मेट्रो स्टेशनं म्हणजे फुकटची शाळा आहे. पाटी वाचून आपण ‘स्टॉर्टिंगेट’ म्हणतो, उच्चार आहे ‘स्तू-टिंगे’: र आणि त मिळून ट, शेवटचा त मुका. ‘मायूष-टूएन’मध्ये पहिला शब्द मेजर, त्याचा आघात शेवटच्या ‘यू’वर, म्हणून मुख्य ठोका तिथेच. ‘यॅण-बाने-तॉर्गे’ हे सगळ्या मेट्रो मार्गांचं स्टेशन. आधी ‘यॅण’ आणि ‘बाने’ मिळून रेल्वे, मग त्याला ‘तॉर्गे’ म्हणजे चौक. मोठा सांधा ‘तॉर्गे’च्या आधी. जोर ‘यॅण’वर, दुय्यम ‘तॉर्ग’वर, मधला ‘बाने’ लांब पण मवाळ. प्रत्येक स्टेशनला डब्यात घोषणा होते, ती मनातल्या मनात बरोबर म्हणत जा.

बेर्गेन किंवा स्ताव्हांगरला राहत असाल तर हा भाग बाजूला ठेवा. तिथला र घशातून येतो आणि ट-ण होत नाहीत, र आणि न वेगवेगळे राहतात. आपल्या गावचं ऐकावं आणि तेच उचलावं.

शेवट वर जातो, म्हणून जोरही शेवटी वाटतो

हा बिघाड ओळखायला सगळ्यात अवघड. ऑस्लोकडच्या बोलण्यात आघाताच्या अक्षरावर सूर खाली असतो किंवा खाली उतरतो, आणि शब्दाच्या किंवा शब्दगटाच्या शेवटाकडे वर चढतो. नवख्या कानाला उंच सूर म्हणजेच जोर असं वाटतं. मग माणूस प्रामाणिकपणे ऐकलेल्याची नक्कल करतो आणि जोर शेवटी देतो: ‘मात-पाक्के’चा ‘क्के’ ठणकावतो. समोरच्याला शब्द उलटा ऐकू येतो.

ओळखायचं कसं? टेबलावर बोटानं ठोका देत म्हणा. ठोका पडतो त्या अक्षरावर वेळ घालवा, स्वर किंवा व्यंजन ताणा, आवाज उंच करायची गरज नाही. शेवटचं अक्षर सुरात वर गेलं तरी ते हलकं आणि आखूड राहू द्या. सूर आणि जोर वेगळे करता आले की हा दोष जातो.

नॉर्वेजियनचे दोन सूर, ज्यांमुळे ‘व्हॅरे’ एका सुरात ‘हवामान’ आणि दुसऱ्या सुरात ‘असणं’ होतं, त्यांच्या मागे सुरुवातीलाच लागू नये असं माझं ठाम मत आहे. ते प्रांतागणिक बदलतात आणि उत्तरेच्या काही भागांत तो भेद नाहीच. वाक्याच्या संदर्भानं ते भागून जातं. आघात आणि लांबी चुकली तर भागत नाही.

अनोळखी शब्द समोर आला की

उजवीकडून वाचा. शेवटचा भाग हा शब्दाचा मुख्य अर्थ असतो, तो ओळखीचा निघाला की सांधा सापडला. मध्ये एकटा स दिसला तर तो बहुधा जोडणारा असतो आणि डाव्या भागाचा असतो. या स-कडून आणखी एक माहिती मिळते. वाइनचा ग्लास ‘व्हीन-ग्लास’, पण पांढऱ्या वाइनचा ग्लास ‘व्हीतव्हीन्स-ग्लास’. डावा भाग स्वतःच समास झाला की अनेकदा असा स येतो, आणि मोठा सांधा त्याच्या लगेच पुढे असतो.

व्यंजनाची गंमतही लक्षात ठेवा. जोडताना एकच व्यंजन तीनदा येत असेल तर लिहिताना दोनदाच लिहितात. रात्रीची गाडी म्हणजे ‘नात्त’ अधिक ‘तोग’. लिहिताना तीन त-चे दोन होतात, त्यामुळे वाचणारा ‘ना-त्तोग’ किंवा ‘नात्त-ओग’ असा तोडतो. ओळीच्या शेवटी हा शब्द तोडायची वेळ आली तर नियमानं तिसरा त परत येतो, आणि मग सांधा उघड दिसतो. संशय आला की मनात ओळ तोडून बघा.

फुटबॉलचा आंतरराष्ट्रीय सामना हा शब्द यात पूर्ण कस लावतो. लिहिलेला दिसतो तो ‘फूतबाल्लान्सकाम्प’. शेवटी ‘काम्प’, सामना. त्याच्या आधी स, म्हणजे ‘लान्स-काम्प’ एकत्र. उरलं ‘फूतबा’ आणि एक ल, म्हणजे इथे तीन ल-चे दोन झालेत: ‘फूतबाल्ल’ अधिक ‘लान्सकाम्प’. मोठा सांधा दोन ल-च्या मध्ये. जोर ‘फू’वर, तो लांब, दुय्यम जोर ‘लान्स’वर, ‘काम्प’ त्याहून हलका.

घरी घोटताना

आधी दोन्ही भाग सुटे म्हणा, प्रत्येकाचा आघात आणि लांबी पक्की करा. मग मधली फट न ठेवता जोडा आणि फक्त दुसऱ्याचा जोर उतरवा, लांबी तशीच ठेवून. शेवटी सांध्यावर र असेल तर तो पुढच्या व्यंजनात मिसळा. क्रम हाच ठेवावा. र आधी मिसळायला गेलं की सांधा हरवतो.

मग शब्द फोनवर ध्वनिमुद्रित करून एखाद्या नॉर्वेजियन ओळखीच्याला ऐकवा, पण ‘उच्चार बरोबर आहे का’ असं विचारू नका. लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘काय ऐकू आलं ते लिहून दे’ असं सांगा. त्यानं तोडून लिहिलं तर दोन ठोके पडतायत. वेगळाच शब्द लिहिला तर लांबी किंवा महाप्राण तपासा.

उच्चार पाहायला नॉर्वेजियन अकादमीचा ऑनलाइन शब्दकोश, ‘नॉर्स्के आकादेमीस उर्बूक’, चांगला आहे. तो मोफत आहे आणि उच्चार दाखवतो. बेर्गेन विद्यापीठ आणि भाषा परिषदेचा ‘बूकमोल्स’ कोश रूपांसाठी आणि स्पेलिंगसाठी अधिक सोयीचा. ट्रॉनहाइमच्या तंत्रविज्ञान विद्यापीठानं तयार केलेलं ‘कॅल्स्ट’ हे उच्चारसरावाचं साधनही वापरून बघा. त्यात शिकणाऱ्याच्या मातृभाषेनुसार अवघड जाणारे ध्वनी निवडून सराव देतात.

एवढं करूनही एखादाच शब्द अडत असेल तर तो अपवाद असण्याची शक्यता आहे: गावाचं नाव, सणाचा दिवस, किंवा ‘फॉष्टो’ (समजणं) आणि ‘बेताले’ (पैसे देणं) यांच्यासारखा उपसर्ग लागलेला शब्द. ‘फॉर’ आणि ‘बे’ हे उपसर्ग क्रियापदांत सहसा आघात घेत नाहीत, तो पुढच्या धातूवर जातो. ते समासच नाहीत, म्हणून त्यांना समासाचा नियम लावू नका.